लीलाबाईंची बॅटरी

लीलाबाईंना कुणी थुंकताना दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. आमच्या भागात नोकरी करायची आणि थुंकण्याचा राग धरायचा म्हणजे दिवसभर दुसरं काही कामच होत नाही. इथे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा कुणाच्या ना कुणाच्या गालात असतोच. बाप्ये खातात, बाया खातात आणि खाल्लं की सगळेच थुंकतात. या सगळ्यांना सुधारायला लीलाबाई एकट्या निघाल्या होत्या.

मी चंद्रकुमार. तुमसरला एका संस्थेच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासतो. लीलाबाईंची खोली माझ्या खोलीच्या समोर, मध्ये फक्त वऱ्हांडा. त्यामुळे तिथे काय चाललंय ते मला दिसायचं, आणि नाही दिसलं तरी ऐकू यायचं. त्यांचा आवाज बाळंतिणींवर ओरडून तयार झालेला होता.

बाई मूळच्या आंधळगावच्या. छप्पन साली बौद्ध झालेलं घर. वडील मजुरी करत आणि पोरींनी शिकलंच पाहिजे म्हणून अख्ख्या आळीशी भांडत. भांडायची सवय तिथूनच आली असावी. नर्सिंग शिकून त्या सरकारी नोकरीला लागल्या. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांच्या सोबतच्या बऱ्याच जणी तिकडे गेल्या आणि यांच्या वाट्याला दुप्पट काम आलं. ते त्यांनी कुरकुरत केलं आणि निवृत्त होईपर्यंत निम्म्या तालुक्याची बाळंतपणं उरकली. पुढे घरी बसून नवऱ्याला शिस्त लावायचा बेत होता म्हणे. आमच्या दवाखान्यात जागा निघाल्याची बातमी नवऱ्यानंच धावत जाऊन आणली.

जागा होती गोळीच्या खोलीत. ही खोली नवीनच सुरू झाली होती. गर्द, नशेची इंजेक्शनं, दुखण्यावरच्या काही कॅप्सूल, ही सगळी अफूच्याच गणगोतातली मंडळी. एकदा अंगात मुरली की सोडवत नाहीत. सोडायला जावं तर घाम सुटतो, जांभया थांबत नाहीत, पोट बिघडतं, हाडं ठणकतात, झोप उडते. त्या हालांना भिऊनच माणूस पुन्हा तिकडे वळतो. अशांना रोज सकाळी एक गोळी द्यायची. गोळीनं हाल थांबतात आणि माणूस कामधंद्याला लागतो. मात्र ती गिळायची नाही. जिभेखाली ठेवून तिथेच विरघळू द्यायची, कारण तिचा गुण जिभेखालूनच अंगात उतरतो, पोटात गेली की बहुतेक वाया. आणि नर्ससमोरच घ्यायची, कारण काही हुशार लोक ती गालात लपवून बाहेर नेऊन विकतात.

हे काम आपल्यासाठीच काढलंय अशी लीलाबाईंची खात्री झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी घरून मोठी बॅटरी आणली. गोळी चुरून जिभेखाली घालायची, म्हणजे लपवायचा प्रश्नच मिटला. मग माणसाला बाकावर बसवायचं आणि थोड्या वेळानं बॅटरी पाजळायची. "आ कर. जीभ वर. हाव, जा आता." भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी टांगली होती: 'येथे थुंकू नये. थुंकायचे असल्यास बाहेर जावे.' खाली संस्थेचं नाव नव्हतं. 'लीलाबाई' असं होतं.

ट्रक चालवणारा ताराचंद हा त्यांचा पहिला गिऱ्हाईक. नागपूरच्या फेऱ्या करता करता गर्दला लागलेला. लीलाबाईंनी त्याला गाव विचारलं, आईचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुले मीच काढलं होतं. पायाकडून आला होता तू, उलटा. अजूनबी तसाच हायेस." नाकाडोंगरीकडचा डोमा खाणीत कामाला होता. खांदा दुखतो म्हणून कुण्या बोगस डॉक्टरनं सुई दिली, ती पुढे हा स्वतःच टोचून घ्यायला लागला. त्याला सकाळच्या पाळीवर जायचं असायचं, म्हणून लीलाबाई खोली भल्या पहाटे उघडायच्या. मजुराच्या वेळेत दवाखाना नाही उघडला तर तो मजुराचा कसला, असं त्यांचं म्हणणं. मलाही लवकर बोलवायच्या. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही.

एक पोटुशी पोरगीही यायची. नवऱ्यानं घरात आणलेल्या गर्दानं दोघांनाही धरलं होतं. ती बाळंतपणाला दुसरीकडे भरती झाली तेव्हा तिथल्या आयांनी नाकं मुरडली आणि ती गोळी आता बंदच करा असा सल्ला दिला. लीलाबाई डबा घेऊन तिथे जाऊन बसल्या. मध्येच गोळी तोडली तर आईचे हाल होतील आणि पोटातल्या बाळाचेही, डॉक्टरनं लिहिलंय तशीच चालू राहील, हे त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. बाळ काही दिवस किरकिर करत होतं. त्याच्यावर लक्ष ठेवावं लागलं, पण ते छान निभावलं. मला पेढे मिळाले, म्हणून लक्षात आहे.

आणि मग आली शकुनबाई.

शकुनबाई करडीची, रोवणीच्या टोळीची म्होरकी. धानाची रोपं, आमच्याकडे ज्याला पऱ्हे म्हणतात ते, चिखलात ओळीनं लावायचं काम बायांच्या टोळ्या घेतात. दिवसभर कमरेत वाकून उलट्या पावली मागे सरकायचं. शकुनबाईनं गाणं धरायचं, बायांनी मागून उचलायचं आणि सगळ्यांचे हात त्या तालावर चालायचे. तिच्या टोळीची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ निघते असं लोक सांगत. पण कंबर ती कंबरच. कुणीतरी तिला दुखण्यावरची कॅप्सूल दिली. कंबर गप्प बसली आणि मनही हलकं झालं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते तिनं मोजणं सोडून दिलं. मागच्या रोवणीत ती बांधीतच, म्हणजे त्या चिखल केलेल्या वावरातच, फिटचा झटका येऊन तोंडघशी पडली. तोंड चिखलात रुतलेलं. बायांनी केसाला धरून वर काढलं म्हणून वाचली.

"झटका कॅप्सूलचाच होता," आमच्या डॉक्टर मॅडम तिला म्हणाल्या. "पुढच्या वेळी जवळ कुणी असेलच असं नाही."

नवरा तेजराम तिच्यासोबत आला होता. तो म्हणाला, "मी त म्हणतो, चिखलात पायच नोको टाकू."

"आन् मंग करू काय जी?" शकुनबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "घरी बसून भिताडं पाहू? मॅडम, यंदाची रोवणी मले कॅप्सूलबिगर करायची हाये. उभी राह्यली त राह्यली. नाई जमलं त टोळी सोडून देतो."

लीलाबाईंना ती बाई पाहताक्षणी आवडली. पुढे आणखी आवडायचं कारण असं की, ती सांगितल्याप्रमाणे तोंड खळखळून धुऊन यायची, गोळी घेऊन बाकावर बसायची आणि मधूनमधून उठून, पदर सावरत बाहेर अंगणातल्या लिंबाखाली जाऊन थुंकून यायची. खोलीत एक थेंब नाही. ताराचंदानं गोळीची पाळी यायच्या आधी कधी खिडकीतून पिंक टाकली की लीलाबाई गरजायच्या, "शिक जरा! शकुनबाईकडं पाह्य. थुकायले भायेर जाते बिचारी!"

पण गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरात ताराचंदाला झोप लागली होती, डोमाच्या हातांची थरथर थांबली होती; शकुनबाई मात्र आठवड्यानंतरही होती तिथेच. सकाळी जरा बरं, दुपारपासून पुन्हा घाम, जांभया, पायात गोळे. डॉक्टर मॅडमनी मात्रा वाढवली. काही नाही. पुन्हा वाढवली. तरी तेच. बॅटरी पाजळली की तोंड मात्र लख्ख.

रोवणी तोंडावर आली तशी लीलाबाईंची चिडचिड वाढली. एक दिवस भरल्या खोलीत त्यांनी विचारलं, "कोठी लपवते वो कॅप्सूल?"

"एकबी नाई खाल्ली जी."

"मंग हा घाम कायचा?"

ताराचंद बाकावरून दात काढत म्हणाला, "बाई, आमीबी असंच म्हणत होतो. नाई खाल्ली, नाई खाल्ली."

डोमा हसला. शकुनबाई उठली. तपासणीला लघवी दिली आणि निघून गेली. मी पट्टी बुडवून पाहिली. कॅप्सूलचं नावनिशाण नव्हतं. तसं मी समोर जाऊन सांगितलं.

"तुमची पट्टी खराब हाये भाऊ," लीलाबाई म्हणाल्या.

आता मला काही बोला, माझ्या पट्टीला बोलायचं काम नाही. मी म्हणालो, "सिस्टर, पट्टी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

"मी काय वेगळं म्हणून राहिली?" त्या म्हणाल्या. आमचं बोलणं तिथे तुटलं आणि त्या दिवशी मी त्यांच्याकडचा चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शकुनबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. करडीकडे रोवणी सुरू झाल्याचं डोमानं सांगितलं. लीलाबाई कुणावर ओरडल्या नाहीत. ताराचंद दारातच थुंकला तरी ओरडल्या नाहीत, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मले तिचं तोंड दिसून राह्यलं भाऊ," त्या म्हणाल्या. "चिखलातलं."

मला वाईट वाटलं. राग होता, तो कुठे गेला कळलं नाही. डॉक्टर मॅडमनाही तिची काळजी वाटत होती. इथे जमत नसेल तर नागपूरला भरती करू, पण आधी बाई सापडू दे, असं त्या म्हणाल्या. एका दिवसाच्या गोळ्या कुलपाच्या पेटीत घालून त्यांनी लीलाबाईंकडे दिल्या आणि तिथून फोन करायला सांगितलं. माझी मोटारसायकल मी दर रविवारी पुसतो, हे सगळ्या दवाखान्याला माहीत आहे. लीलाबाई पेटी मांडीवर घेऊन माझ्या मागे बसल्या आणि आम्ही नदीचा पूल ओलांडून करडीच्या रस्त्याला लागलो. पुढचा चिखल मी वर्णन करत नाही.

बांधीत बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, पण गाणं नव्हतं. ओळ वाकडीतिकडी चालली होती. म्होरकी समोर असताना दुसरीनं गाणं धरायचं नाही, असा त्यांचा रिवाज. आणि म्होरकी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसली होती. भर उकाड्यात अंगाभोवती चादर, नाक गळतंय, जांभईवर जांभई.

आम्हाला बघून शकुनबाईनं पदराची गाठ सोडून पुढे केली. आत दोन कॅप्सूल होत्या.

"हे पाहा. आता हाये माह्यापाशी," ती म्हणाली. "तुमी म्हणल्या तवा नव्हती. काल संजेपासून गाठीत बांधून हाये, खाल्ल्या नाई. पण आज खाईन. बायाइचं काम अडून राह्यलं. झटका येईन त येऊ दे."

लीलाबाई पांढऱ्या साडीसकट तिच्या शेजारी धुऱ्यावर बसल्या. कॅप्सूल त्यांनी मागितल्या नाहीत, नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. शकुनबाईनं कमरेची डबी काढली, तंबाखूची चिमूट दाढेत दाबली आणि थोड्या वेळानं मान वळवून धुऱ्याच्या पलीकडे, पऱ्ह्याच्या पेंढ्यांना शिंतोडा लागणार नाही अशी बेतशीर पिचकारी मारली.

लीलाबाईंची मान सवयीनं ताठ झाली. तोंड उघडलंही. पण त्या शकुनबाईच्या गालाकडे टक लावून बघत राहिल्या.

"शकुन," त्यांनी हळूच विचारलं, "तंबाखूचं पाणी गिळत नाई तू?"

"कोणी गिळते का जी? भोवळ येते. तंबाखू दाढेत ठेवाव, गुण तिथूनच उतरते. पाणी आलं का थुकाव."

"आन् माही गोळी?"

"तशीच. तुमीच सांगतलं ना, गिळू नोको, जिभेखाली ठेव. मंग कडू पाणी सुटलं का लिंबाखाली जाऊन थुकून याव. पाटीच हाये तुमची. तुमी त शाबासकी देत होत्या मले."

मला आधी हसू फुटलं. मग लीलाबाईंकडे पाहिलं आणि ते आवरलं. चुरलेली गोळी तोंडातल्या पाण्यात उतरत होती आणि ते पाणी रोज आमच्या लिंबाला मिळत होतं. ताराचंद आणि डोमा जन्माचे थुंकणारे, पण तो माल होता हे त्यांच्या जिभेला बरोबर कळत होतं, त्यांनी एक थेंब वाया घालवला नसता. शकुनबाईला ते औषध वाटत होतं. तिनं सांगितलेलं सगळं केलं, पाटीवर लिहिलेलंही केलं. आणि लीलाबाईंच्या बॅटरीत रोज एक स्वच्छ तोंड दिसत होतं.

"मीच तुले भायेर पाठवत होती वो माय," लीलाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. रडता रडताच हसल्या. शकुनबाईला काही कळेना, तिनं आपल्या चादरीनं त्यांचे डोळे पुसले.

फोनवर डॉक्टर मॅडमनी आधी शेवटची कॅप्सूल कधी खाल्ली ते विचारलं. मग बजावलं, वाढवलेली मात्रा अजिबात द्यायची नाही, ती आता खरोखर अंगात उतरली तर बाई बसल्या जागी पेंगेल. पुन्हा पहिल्यापासून, लहान मात्रा. सावलीत बसवा, नजर ठेवा, तरतरीत वाटली तर पुढचं बघू. लीलाबाईंनी तिला तंबाखू थुंकायला लावली, चुळा भरायला लावल्या, गोळी चुरून जिभेखाली घातली आणि दोन बोटांनी तिचे ओठ मिटले.

"आता थुकाचं नाई. गिळाचं नाई. बोलाचंबी नाई."

पहिल्या दोन गोष्टी शकुनबाईला जमण्यासारख्या होत्या. पण तिकडून ओळीतली सुंदरबाई ओरडली, "शकुन, गाणं धर ना वो! हातच चालून नाई राह्यला!" बाकीच्याही ओरडायला लागल्या. शकुनबाई चुळबुळली. घसा हलला, ओठ सुटायला आले. लीलाबाईंनी तळहातानं तिचं तोंड दाबलं, इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच गाणं धरलं.

लीलाबाईंना गाणं येत नाही. येत होतं ते एकच, आयुष्यभर बाळंतिणींच्या उशाशी उभं राहून म्हटलेलं. तेच त्यांनी सुरात, म्हणजे सुरासारखं काहीतरी लावून म्हटलं: "दम धर वो माय, दम धर! थोडा दम धर वो माय, दम धर!"

बांधीत वाकलेल्या बायांनी माना वर केल्या. मग एकीला हसू आलं, दुसरीला आलं आणि त्या हसण्यातच कुणीतरी मागून ओळ उचलली. दम धर वो माय, दम धर. त्यातल्या कितीतरी जणींनी ही ओळ खाटेवर आडवं पडून ऐकली होती, याच आवाजात. हात चालायला लागले. पऱ्हे सरळ ओळीत उतरायला लागलं. लीलाबाई एका हातानं शकुनबाईचं तोंड धरून गात होत्या, आणि त्यांच्या त्या बेसूर आवाजावर माझं मन भरून आलं हे मी इथे लिहून ठेवतो. तोंडावर कधी सांगणार नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेटीतून बॅटरी काढली. भर उन्हात पाजळली. "आ कर. जीभ वर."

गोळी विरली होती. घाम ओसरत होता. चादर खांद्यावरून खाली आली होती. शकुनबाईनं आवंढा गिळला आणि पहिलं वाक्य बोलली, "बाई, तुमचा आवाज लय बेकार हाये."

कॅप्सूल तिनं आपल्या हातानं लीलाबाईंच्या पेटीत टाकल्या. पुन्हा फोन झाला, आणखी थोडा वेळ बसवून घेतलं. मग ती उठली, लुगडं खोचलं आणि पाय चिखलात घातला. लीलाबाईंनी माझा दंड असा धरला होता की संध्याकाळी तिथे वळ दिसत होते.

दुसऱ्या सकाळी गोळीच्या खोलीत, ताराचंद आणि डोमा समोर बसलेले असताना, लीलाबाईंनी शकुनबाईची माफी मागितली. भरल्या खोलीत बोलल्या होत्या, तर भरल्या खोलीतच मागितली. मग ताराचंदालाही मागायला लावली. माझ्या पट्टीची मात्र कुणी मागितली नाही. पाटी नवी रंगवली गेली: 'गोळी तोंडात असताना थुंकू नये. गोळी नसताना तर मुळीच थुंकू नये.' कमरेसाठी पट्टा आला, व्यायाम आले, आणि रोवणीच्या दिवसांत शकुनबाईची गोळी तेजरामनं समोर बसून द्यायची अशी परवानगी डॉक्टर मॅडमनी काढली. लीलाबाईंनी बाजारातून दुसरी बॅटरी आणून त्याला दिली आणि कशी धरायची ते शिकवलं.

रोवणी संपायच्या दिवशी त्यांनी मला पुन्हा गाडी काढायला लावली. सहज जाऊन येऊ म्हणाल्या. पेटी नव्हती, गोळी नव्हती, बॅटरी मात्र पिशवीत होती. लांबूनच गाणं ऐकू आलं. शकुनबाई ओळीच्या मधोमध वाकलेली, आवाज मोकळा, हात भरभर. आम्हाला धुऱ्यावर पाहिलं तशी तिनं गाणं तोडलं, कंबर सरळ केली, आमच्याकडे तोंड केलं आणि आ वासला. जीभ वर. शेजारच्या सुंदरबाईनं पाहिलं, तिनंही आ वासला. मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता अख्खी टोळी चिखलात उभी राहून, तोंडं उघडून, हसू दाबत आमच्याकडे बघत होती.

मागच्या रोवणीत यातलं एक तोंड चिखलात रुतलं होतं.

लीलाबाईंनी पिशवीतून बॅटरी काढली. एवढ्या लांबून, भर दुपारी, त्यांनी ती पाजळली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेकीवर नीट फिरवली.

"हाव," त्या ओरडल्या. "दिसलं. जा आता, कामाले लागा."